मदत हवी आहे: स्क्वॉटचं वजन वाढतंय, पण पाय सुटत नाहीत

दंडबैठक:
बाकी प्रगती उत्तम आहे. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (वजनाचा दांडा जमिनीवरून उचलणं) दोन्हींत वजन वाढतंय. पण पाय भयंकर आखडलेले. उभ्याने ओणवं झालं की हात नडगीच्या मध्यावर अडकतात, त्यापुढे नाही. सकाळी उठल्याउठल्या पश्चिमोत्तानासन करतो, काडीचा फरक नाही. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) मोकळे करायचा खात्रीचा उपाय सांगा. "स्ट्रेचिंग चालू ठेवा" एवढंच कृपया सांगू नका, ते चालूच आहे.

सांधेबदल:
ओढ नक्की कुठे लागते? बैठकीच्या हाडाशी, मांडीच्या मध्यावर, गुडघ्यामागे की कमरेत? दोन्ही पायांना सारखी का? मुंग्या, जळजळ, बधिरपणा? बसून काम असतं का? हे कळल्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे अंदाज बांधणं.

तीळतेल:
रात्री कोमट तिळाच्या तेलाने मांड्या-पोटऱ्या चोळा, सकाळी गरम पाण्याने अंघोळ. शिरा सुटतात.

लोखंडी:
मालिशने तासाभरापुरतं सैल वाटतं, लांबी वाढत नाही. दंडबैठक, तुम्हाला ताणलेल्या स्थितीत ताकद हवी आहे. रोमानियन डेडलिफ्ट करा. गुडघे किंचित वाकलेले, दांडा मांडीला घासत खाली, कंबर मागे ढकलायची, खाली जायला पूर्ण ३ सेकंद. ८ वेळा, ३ सेट, आठवड्यातून दोनदा. वजन नेहमीच्या डेडलिफ्टच्या निम्म्याहून कमी. पाठ गोल व्हायला लागली की तिथेच थांबायचं, जमिनीला टेकवायचा हट्ट नको. बहुतेक जण नेमके इथेच चुकतात: पाठ वाकवून खोली मिळवतात आणि हॅमस्ट्रिंगला काहीच मिळत नाही.

पहाटवारा:
लोखंडाने आखडलेलं लोखंडाने कसं सुटेल? सुप्त पादांगुष्ठासन करा, आयंगार पद्धतीने, पट्टा घेऊन. पाठीवर झोपा, पट्टा तळव्याला अडकवा, गुडघा सरळ, दुसरी मांडी जमिनीला चिकटलेली. टाच पट्ट्यावर ६ सेकंद हलकेच दाबा, सोडा, श्वास सोडत पाय थोडा जवळ आणा, ३० सेकंद थांबा. असं ३ वेळा.

लोखंडी:
याने कोन वाढेल, पण त्या कोनात ताकद नसेल तर स्क्वॉटमध्ये तो वापरता येणार नाही. शिवाय स्क्वॉटच्या आधी एकेका स्नायूला मिनिटभराहून जास्त ताणून ठेवलं तर जोर थोडा कमी पडतो. ताणणं व्यायामानंतर ठेवा.

पहाटवारा:
नंतर ठेवा, हे मान्य. पण ठेवाच.

गरमपाणी:
प्रथिनं किती घेता? वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम तरी हवीत.

दंडबैठक:
प्रथिनांचं विचारलेलं नाही. @सांधेबदल: ओढ गुडघ्यामागे, उजवीकडे जास्त. पोटरीत मुंग्या येतात, पण त्या ताणामुळे येणारच ना? काम संगणकावर, दिवसभर बसून. आता उपाय सांगा.

सांधेबदल:
मुंग्या हीच मुख्य गोष्ट होती. स्नायू ताणला की ओढ लागते, मुंग्या येत नाहीत. मुंग्या येतात तेव्हा नस ताणली जातेय असं समजायचं.

घरी तपासा. पाठीवर झोपा, उजवा पाय सरळ ठेवून दुसऱ्या कुणाकडून वर उचलून घ्या. ओढ लागेल तिथून किंचित खाली आणा. आता मांडी न हलवता पायाची बोटं नडगीकडे ओढा. हॅमस्ट्रिंग घोट्यापर्यंत जातच नाही, त्यामुळे घोटा हलवून त्याची ओढ बदलणार नाही. पोटरीचा स्नायू मात्र गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो, म्हणून आणखी एक पायरी: बोटं सोडून द्या आणि हनुवटी छातीला लावा. मान उचलल्याने पायातली ओढ किंवा मुंग्या वाढल्या तर ती सायटिक नस (कमरेतून मांडीमागून पायात उतरणारी) आहे, पोटरी नव्हे.

तसं निघालं तर पश्चिमोत्तानासन आणि बोटं ओढून धरणारे सगळे ताण बंद. सकाळी उठल्याउठल्या तर नक्कीच नाही: रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा खोल वाकणं त्यांना जास्त जाचतं. पहिला तासभर वाकणं टाळा.

त्याऐवजी नस सरकवायची, ताणायची नाही. खुर्चीत बसा. गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना हनुवटी खाली. एका टोकाला सैल तर दुसऱ्या टोकाला ओढ, म्हणून नस मागेपुढे सरकते. १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा. कुठेही धरून ठेवायचं नाही, मुंग्या सुरू होण्याआधी परत फिरायचं.

लोखंडी:
मग रोमानियन डेडलिफ्ट?

सांधेबदल:
मुंग्या शांत झाल्यावर तुमचाच उपाय, तोच उत्तम. तोवर नाही.

रानवाट:
स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातात का? मग दोष घोट्याचाही असू शकतो. भिंतीसमोर अंगठा १० सेंमी अंतरावर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर गुडघा वाकवून पोटरी ताणा. सरळ गुडघ्याने पोटरीचा वरचा स्नायू ताणला जातो, वाकलेल्या गुडघ्याने खालचा. स्क्वॉटमध्ये अडवणारा बहुधा खालचाच.

दंडबैठक:
तपासलं. मान उचलली की उजवीकडे मुंग्या वाढतात, डावीकडे काही नाही. भिंतीला गुडघा दोन्हीकडे लागतो. डेडलिफ्ट थांबवू का?

सांधेबदल:
जड डेडलिफ्ट आणि खोल स्क्वॉट तूर्त थांबवा. चालणं चालू ठेवा, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. महिनाभरात मुंग्या कमी झाल्या नाहीत तर फिजिओथेरपिस्टकडे जा. पाऊल वर उचलायला जोर कमी पडला, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवी-शौचावरचा ताबा बिघडला, यातलं एकही दिसलं तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

तीळतेल:
तेल तरी चालू ठेवावं का?

सांधेबदल:
चालेल. फक्त गुडघ्यामागे जोराने दाबू नका.