खडक कोण, पेत्र की ख्रिस्त? घरात दोन मतं पडलीत

जालन्याची लेक:
सलाम सगळ्यांना. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचं, जालन्यातलं, आणि भावाच्या पोरीचं लग्न ठरलंय संभाजीनगरच्या एका कॅथलिक घरात. माणसं लई चांगली आहेत. बाप्तिस्मा दोन्हीकडं एकमेकांचा मान्य आहे, त्यांच्या बाजूनं बिशपांची परवानगी लागते तिचा अर्जही गेलाय. पण मागच्या रविवारी बोलणीला बसलो होतो तेव्हा पोराचे मामा सहज बोलून गेले की आमची ख्रिस्तसभा (चर्च) येशूचा शिष्य पेत्र याच्यावर उभी आहे, प्रभूनंच त्याला खडक म्हटलंय. झालं, आमच्या मोठ्या काकांनी तिथंच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून करिंथकरांस पहिलं पत्र ३:११ वाचलं, की येशू ख्रिस्त हा पाया घातलेला आहे, दुसरा कुणाला घालताच येत नाही. मामांनी मत्तय १६:१८ काढलं, "तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन." दोघंही आवाज न चढवता बोलत होते पण दोघांचेही हात थरथरत होते, ते मी शेजारी बसून बघितलं.

रात्री भाची म्हणाली, आत्या मग खरं काय, मी लग्न करून जिथं जाणार तिथला पायाच वेगळा आहे का? मला उत्तर आलं नाही. आजोबांच्या जुन्या शास्त्रात त्या वचनाच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय "खडक = कबुली", एवढंच. कुणाला हरवायचं नाहीये मला, समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगा.

परभणीकर:
ताई सलाम. तुमच्या आजोबांनी लिहिलंय तेच आम्ही लहानपणापासून संडे स्कूलमध्ये शिकलो. ते वचन एकटं उचलू नका, १३ पासून वाचा. फिलिप्पाच्या कैसरियाजवळ प्रभू विचारतो मी कोण आहे म्हणून तुम्ही म्हणता, आणि पेत्र म्हणतो तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. सगळा भर त्या उत्तरावर आहे, मंडळी उभी आहे ती त्या कबुलीवर. ग्रीकमध्ये शब्द पण दोन आहेत, माणसाचं नाव पेत्रॉस आणि खडकाला पेत्रा. आणि खडक हा शब्द प्रेषित पौल, ज्यानं ही पत्रं लिहिली, तो ख्रिस्तासाठी वापरतो, पहिलं करिंथ १०:४ बघा. शिवाय पाचच वचनं पुढं जा, त्याच पेत्राला प्रभू म्हणतो "सैताना, माझ्यापुढून निघून जा". अंत्युखियात पौलानं त्याला तोंडावर अडवलं ते गलतीकरांस दुसऱ्या अध्यायात आहे. असा डगमगणारा माणूस सगळ्या मंडळीचा पाया कसा होईल? १६:१९ मध्ये पेत्राला दिलेला बांधण्या-सोडण्याचा अधिकारही १८:१८ मध्ये सगळ्या शिष्यांना दिलेला आहे. माझ्यासाठी हा मुद्दा लहान नाही, कारण माणसावर विश्वास टेकवला की माणूस पडल्यावर विश्वासही पडतो, आमच्या मंडळीत एका पुढाऱ्यामुळं हे घडलेलं मी डोळ्यानं पाहिलंय, निम्मी माणसं रविवारची यायची बंद झाली.

छावणीवाला:
मी कॅथलिक आहे, संभाजीनगरचाच. परभणीकर दादा, तुमचं दुःख कळतं. पण पेत्रॉस-पेत्राचा मुद्दा टिकत नाही हो. प्रभू बोलत होता अरामी, त्यात नाव केफा आणि खडकाला पण केफाच, योहान १:४२ मध्ये तो शब्द जसाच्या तसा राहिलाय आणि पौलसुद्धा त्याला कितीदा केफाच म्हणतो. ग्रीकमध्ये पेत्रा हा शब्द स्त्रीलिंगी, बाप्याला बाईचं नाव कसं ठेवणार, म्हणून पेत्रॉस केलं. आपल्याकडं बघा ना, शिळा म्हणून कुणी पोराला हाक मारत नाही, पण धोंडिबा आणि दगडू गावोगाव आहेत. "तू धोंडिबा, आणि ह्या धोंड्यावर मी बांधीन" असं म्हटल्यावर ऐकणाऱ्याला शंका राहील का कुणाबद्दल बोललं? आणि पेत्राचं मूळ नाव शिमोन, त्याला हे नाव आईबापानं ठेवलं नव्हतं, प्रभूनं ठेवलं. नाव बदललं म्हणजे काम दिलं, अब्रामाचा अब्राहाम झाला तसंच.

पुढं १९ मध्ये प्रभू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देतो. यशया २२ मध्ये शेबना कारभाऱ्याला काढून एल्याकीमाच्या खांद्यावर दाविदाच्या घराण्याची किल्ली दिली जाते. म्हणजे किल्ली ही त्या जागेची असते, माणूस जातो आणि जागा राहते, म्हणून आम्ही म्हणतो की पेत्राची जागा पुढं रोमच्या बिशपाकडं, म्हणजे पोपकडं, चालत आली. २२ फेब्रुवारीला पेत्राच्या आसनाचा सण करतो तो लाकडाच्या खुर्चीचा नसतो, त्या सेवेचा असतो. आणि एक नक्की सांगतो, कुठलाही कॅथलिक ख्रिस्ताला बाजूला सारून पेत्राला पाया म्हणत नाही. तारणारा एकच आहे. पेत्र डगमगला हे आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच प्रभू लूक २२:३२ मध्ये म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली.

अंबाजोगाईची वाचक:
हा वाद आपल्या दोन घरांचा नाही, दीड हजार वर्षांहूनही जुना आहे, आणि थोरामोठ्यांचंही एकमत नव्हतं हे वाचून मला फार धीर आला होता. जुन्या काळचा मोठा ख्रिस्ती शिक्षक संत ऑगस्टीन, त्यानं आधी खडक म्हणजे पेत्र असं लिहिलं, नंतर कितीदा तरी खडक म्हणजे पेत्रानं कबूल केलेला ख्रिस्त असं सांगितलं, आणि म्हातारपणी आपलंच लिखाण तपासताना दोन्ही अर्थ समोर ठेवून वाचणाऱ्यानं निवडावं असं लिहून ठेवलं. त्याच काळचा उपदेशक क्रिसोस्टोम म्हणतो खडक म्हणजे त्या कबुलीचा विश्वास, म्हणजे ताई तुमच्या आजोबांची पेन्सिल त्याच्या बाजूची. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन पेत्राच्या आसनाला मानायचा पण बाप्तिस्म्याच्या मुद्द्यावर रोमच्या बिशपाशी, स्तेफनाशी, कडाकडा भांडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे लोक पेत्राला पहिला मान देतात, पण सगळ्यांवरची सत्ता रोमला देत नाहीत. पोपचा सर्वांवरचा अधिकार आणि ठरावीक प्रसंगी न चुकणारी शिकवण हे सिद्धांत म्हणून ठरलं १८७० साली, पहिल्या व्हॅटिकन परिषदेत. तर दुसरीकडं ऑस्कर कलमान हा लुथरन अभ्यासक, तो स्पष्ट म्हणतो की खडक म्हणजे पेत्रच, फक्त ते काम एकदाच झालं, वारसानं चालत येत नाही.

परभणीकर:
केफाचा मुद्दा मान्य. धोंडिबाचं पटलं, पेत्रॉस-पेत्रावर मी आता जोर देणार नाही. पण वारसाचं नाही पटत. मत्तय १६ मध्ये पेत्राच्या नंतर कोण याचा एक शब्द नाही.

गेवराईचा गवंडी:
मी बांधकामाचा माणूस, शास्त्र तुमच्याइतकं येत नाही पण पाया येतो, म्हणून बोलतो. आपल्याकडं काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. त्या मातीवर जोतं धरलं तर दोन वर्षात भिंतीला तडा. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, नशीब असलं तर कातळ लागतो. तो कातळ कुणी बसवलेला नसतो, तो असतोच. त्याच्यावर आम्ही पायाचे दगड भरतो. आणि दगडी काम असलं की आधी चार कोपऱ्यांचे चिरे बसवून ओळंबा बघायचा, मग दोरी बांधायची, बाकीचा थर त्या दोरीनं चालतो. कोपरा चुकला तर सगळं घर वाकडं.

आता हे डोक्यात ठेवून मी तीन वचनं वाचली. मत्तयमध्ये बांधणारा स्वतः प्रभू आहे आणि दगड पेत्र. करिंथमध्ये बांधणारा पौल आहे आणि पाया ख्रिस्त. इफिसकरांस २:२० मध्ये पाया म्हणजे प्रेषित आणि संदेष्टे, अनेकवचन आहे बरं का, आणि कोनशिला ख्रिस्त. प्रकटीकरण २१:१४ मध्ये तर नगराच्या तटाला बारा पाये आणि त्यावर बारा प्रेषितांची नावं. आजकाल कोनशिला म्हटलं की आपल्याला पुढाऱ्याचं नाव कोरलेली फरशी आठवते, ती काढली तरी इमारत उभी राहते. शास्त्रातली कोनशिला तशी नाही, काढली की कोपरा गेला. म्हणजे काकांचं आणि मामांचं वचन एकमेकाला खोडतच नाहीत, दोन चित्रं वेगळी आहेत. एकाच दगडाला दोघं धरून ओढत बसले. खरा फरक छावणीवाले आणि परभणीकर शेवटी बोलले तिथंच आहे, की पेत्राची जागा पुढं चालते का आणि ती रोमलाच का. तो फरक खरा आहे, मिटवून मिटणार नाही, पोरीला तो लपवू पण नका.

आणि पेत्राला स्वतःलाच विचारा ना. त्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, ४ ते ८. तिथं जिवंत दगड ख्रिस्त आहे, बांधणाऱ्यांनी नाकारलेला, आणि आपण सगळे त्याच्याजवळ येऊन जिवंत दगड होतो. ज्याला खडक म्हटलं त्यानं खडकाबद्दल लिहिताना स्वतःचं नाव घेतलं नाही. मी हे वाचल्यावर बराच वेळ गप बसलो होतो.

छावणीवाला:
गवंडी भाऊ, हे मी आमच्या फादरांना दाखवणार. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली इतर मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना लिहून विचारलं होतं की पेत्राची ही सेवा सगळ्यांना मान्य होईल अशी कशी करता येईल ते मिळून शोधू. म्हणजे आमच्याकडूनही दार बंद नाहीये.

जालन्याची लेक:
सगळ्यांचे आभार. काल काकांना गवंडी भाऊंचं सगळं वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून पेत्राचं पत्र स्वतः पुन्हा वाचलं आणि म्हणाले, वारसाचं मला पटणार नाही, पण त्या पोराच्या मामाला मी रविवारी बोलायला नको होतं तसं बोललो. आज सकाळी त्यांनी मामांना फोन लावला, अर्धा तास बोलत होते, कैसरियापासून सुरू करून कुठं गेले मला कळलं नाही. भाचीला मी फरक आहे हे सांगितलं, कुठं आहे ते पण सांगितलं. तिनं लग्नात वाचायला पहिलं पेत्र २:४ पासूनचा उतारा निवडलाय, फादर आणि आमचे पाळक साहेब दोघंही हो म्हणाले तर. आजोबांच्या शास्त्रातून वाचू का असं तिनं विचारलं, पण त्याची पानं सुटायला लागलीत, आधी बाईंडिंग करून आणावं लागेल.