'दाह', 'सूज' की 'शोथ'? रक्ततपासणीतील दाहदर्शकांसाठी मराठी शब्द

प्रश्न :
प्रौढांच्या रक्ततपासण्यांविषयी रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, रक्तातले एक प्रथिन) आणि ईएसआर (एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट, नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) या तपासण्यांना 'सिस्टेमिक इन्फ्लमेशन मार्कर' म्हणतात. इन्फ्लमेशनसाठी, म्हणजे संसर्ग, इजा अशा कारणांनी शरीरात उमटणाऱ्या प्रतिक्रियेसाठी, 'दाह', 'शोथ', 'दाहयुक्त सूज' असे पर्याय छापील मराठीत आढळतात. बोलताना मात्र सरसकट 'सूज' म्हटले जाते. यांपैकी कोणता शब्द वापरावा?

उत्तर :
येथे 'सूज' टाळावी, असे माझे ठाम मत आहे. डोळ्यांना दिसणारा किंवा बोटाने दाबून पाहता येणारा फुगवटा हा सुजेचा अर्थ मराठी माणसाच्या मनात इतका पक्का आहे, की 'तुमच्या अंगात सूज आहे' असे ऐकताच तो आधी आपले पाय पाहतो. पायांवरची ती सूज पुष्कळदा केवळ पाणी साचल्याने आलेली असते आणि तिच्यासाठी 'शोफ' हा वेगळा शब्द आहे. रोमन लेखक सेल्ससने इन्फ्लमेशनची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे सांगितली. त्यांतल्या एकाच लक्षणाचे नाव संपूर्ण प्रक्रियेला देणे योग्य नाही. 'शोथ' हिंदीत रुळलेला आहे (यकृतशोथ, संधिशोथ), पण आयुर्वेदात तोही मुळात सुजेचाच वाचक असल्याने अडचण तशीच राहते. म्हणून 'दाह'.

'सिस्टेमिक'साठी 'सर्वांगीण' लिहू नये, कारण त्या शब्दापाठोपाठ 'विकास' आठवतो. 'सार्वदेहिक' अचूक असला तरी पत्रकासाठी जड आहे. 'शरीरव्यापी दाह' सहज कळतो. मार्करसाठी 'दर्शक' पुरेसा आहे, कारण या तपासण्या दाह आहे एवढेच दाखवतात, तो कोठे आणि कशामुळे आहे हे सांगत नाहीत.

'सूज' का नको, हे सीआरपीचा इतिहासही दाखवतो. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात असा पदार्थ आढळला, जो न्यूमोकॉकस जीवाणूच्या 'सी' नावाच्या शर्करेशी संयोग पावून साका तयार करत असे. नावातला 'सी' तिथून आला. त्याचा 'क' जीवनसत्त्वाशी संबंध नाही, हे पत्रकात एका ओळीत जरूर सांगावे. न्यूमोनियात अंगावर कोठेही सूज नसते, तरी सीआरपी झपाट्याने वाढते. इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रभावाखाली यकृत ते तयार करते, साधारण दोन दिवसांत ते शिखर गाठते आणि मूळ कारण दूर झाल्यावर लवकर उतरते, कारण रक्तातले त्याचे अर्धायुष्य (प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) सुमारे १९ तासांचेच असते.

ईएसआरला 'तांबड्या पेशींचा साका बसण्याचा वेग' म्हणावे; 'अवसादन' रुग्णाला कळणार नाही. दाहात रक्तातले फायब्रिनोजेन (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) वाढते, त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत लवकर खाली बसतात. मात्र रक्तक्षय, गर्भारपण आणि वाढते वय यांतही हा वेग वाढतो, आणि दाह ओसरल्यावर तो सीआरपीपेक्षा सावकाश उतरतो.

दुसरे मत :
'सूज' नको, हे पटले. परंतु 'दाह' म्हणताच आपल्याकडे 'उष्णता वाढली' असा अर्थ लागतो आणि सब्जा, गुलकंद सुरू होतो. पहिल्या उल्लेखात 'दाहप्रतिक्रिया' लिहून 'जंतुसंसर्ग, इजा किंवा दीर्घ आजार यांना शरीराने दिलेले उत्तर' असा खुलासा जोडावा, मग पुढे नुसता 'दाह' चालेल. 'दाह वाढला की दर्शक वाढतो' असे सरसकट विधानही करू नये. दाहात फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) वाढते, अल्ब्युमिन (रक्तद्रवातले एक प्रथिन) मात्र कमी होते.

प्रश्नकर्ता :
'दाहप्रतिक्रिया' स्वीकारतो. 'हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी'ला 'अतिसंवेदनशील सीआरपी' म्हणावे का?

उत्तर :
नाही. 'अतिसंवेदनशील' वाचून रुग्णाला ॲलर्जी आठवेल. येथे वाढलेली क्षमता तपासणीच्या पद्धतीची आहे. प्रथिन तेच आहे, फक्त त्याचे अत्यल्प प्रमाणही मोजता येते. 'सूक्ष्ममापी सीआरपी' म्हणावे. हृदयविकाराचा धोका अजमावताना अमेरिकेतील २००३ च्या मार्गदर्शनानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प, १ ते ३ म्हणजे मध्यम आणि ३ पेक्षा जास्त म्हणजे अधिक धोका मानतात. आकडा १० च्या वर असेल, तर आधी संसर्ग किंवा इजा शोधून तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात. आकड्याशेजारी एकक छापण्यास विसरू नये : काही प्रयोगशाळा लिटरऐवजी डेसिलिटरमागे प्रमाण देतात आणि मग लिटरमागचे १२ मिलिग्रॅम अहवालात १.२ असे दिसते.