न्याय देवावर सोपवलाय, पण मन सोडत नाही. मदत हवी आहे

जय ख्रिस्त. भागीदाराने माझी खोटी सही करून धंद्यातला माझा हिस्सा लाटला, त्याला तीन वर्षं झाली. त्या सहीत माझ्या नावाची वेलांटीसुद्धा चुकलेली आहे. ती डोळ्यांपुढून हलत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्र 12:19 मध्ये प्रेषित पौल सांगतो, सूड घेऊ नका, ते देवावर सोपवा. मी रोज प्रार्थनेत सोपवते आणि उठताना परत उचलून घेते. स्तोत्र 73 मध्ये ते रचणाऱ्या आसाफालाही दुष्टांची भरभराट बघून हेवा वाटला होता. पवित्रस्थानात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट उमगला. मी अजून हेव्यापाशीच अडकले आहे. पण लूक 18 मधल्या येशूच्या दाखल्यातली विधवा न्याय मागायला न्यायाधीशाकडे जातच राहिली ना? मग मी कोर्टात गेले तर तो अविश्वास ठरेल का? क्षमा आणि दावा दोन्ही कुणी निभावलं असेल तर कृपया सांगा, कसं जमलं?