सोसायटीच्या पत्रावर डॉक्टर म्हणून सही-शिक्का द्यावा का?

खोकलेवाला_डॉक्टर

नमस्कार मंडळी. पनवेलच्या बाजूला माझा छोटा दवाखाना आहे, जनरल प्रॅक्टिस, १७ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मागच्या रस्त्याला आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट आला, आता रात्री उशिरापर्यंत मिक्सरची ये-जा, सांडलेलं सिमेंट रस्त्यावर सुकतं आणि वरून डंपर गेला की सगळं परत हवेत. गेल्या आठवड्यात आमच्या कंपाउंडरने खिडकीची मच्छरजाळी नळाखाली धरली तर राखाडी चिखल निघाला, आणि जो राहिला तो दुसऱ्या दिवशी जाळीवरच घट्ट बसलेला, चमच्याने खरवडावा लागला.

आता मुद्दा. समोरच्या सोसायटीने प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र लिहिलंय आणि त्यावर माझा लेटरहेड आणि शिक्का हवाय. पत्रात वाक्य आहे, "या प्लांटमुळे परिसरातील ४० मुलांना दमा झाला आहे." हा ४० आकडा आला कुठून ते सेक्रेटरींनाही सांगता येईना. थंडीत खोकला, घरघर वाढलीय हे मी रोज बघतोच, पण त्यात शाळेतला व्हायरल किती, घरातला धूर किती, प्लांट किती, हे मी छातीला स्टेथो लावून कसं सांगणार? माझा बॅचमेट म्हणतो, आपलं काम औषध देणं, मोर्चे काढणं नाही, उद्या प्लांटवाल्याचा माणूस दवाखान्यात येऊन बसला तर कोण येणारे मधे? बायकोचंही तेच मत. तुम्ही काय केलं असतं?

कामोठेकर

डॉक्टर डोळे मिटून सही करा!! आमच्यासारख्यांनी पत्रं लिहून लिहून हात दुखले, फक्त पोच मिळते. खारघरला जानेवारी २०२१ मध्ये ते पांढऱ्या फुप्फुसांचं होर्डिंग लावलेलं आठवतंय ना, दहा-बारा दिवसांत काळं पडलेलं, पेपरात फोटो होते सगळीकडे. दिल्लीत २०१८ ला गंगाराम हॉस्पिटलसमोर तसंच लावलेलं आणि त्यामागे छातीचे सर्जन डॉ. अरविंद कुमार होते, म्हणजे एवढे मोठे डॉक्टर रस्त्यावर उतरतात मग तुम्हाला काय हरकत आहे. माझ्या मुलीला गावाला साताऱ्याला नेलं की दम्याचा पंप पिशवीतून बाहेर काढावा लागत नाही, इथे आलो की चार दिवसांत सुरू. आता याला अजून काय पुरावा पाहिजे?

उंटावरचा_शहाणा

पुरावा पाहिजेच की. ते होर्डिंग म्हणजे फिल्टरचं कापड आणि मागे पंखे, माणसाच्या फुप्फुसाला नाक असतं, शेंबूड असतं, खोकला असतो. कापड कुठेही टांगा, काळंच होणार. आणि गावाला गेलं की शाळाही नसते, सर्दीवाली पंचवीस पोरं शेजारी बसत नाहीत, ते कोण मोजणार? डॉक्टरांनी असल्या पत्रावर शिक्का मारला की कोर्टात पहिल्या दहा मिनिटांत उलटतपासणीत उताणे पडतील. शिवाय जे डॉक्टर हवेवर भाषण देतात तेच एकटे एसयूव्हीतून येतात, आणि पेशंटच्या घरी डासांची कॉइल रात्रभर जळते त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

गुंगीवाला_लंडन

मी इथे भूलतज्ज्ञ आहे, मूळचा मिरजेचा. डॉक, सही करायच्या आधी एलाची केस वाचा, एला अडू-किसी-डेब्रा. लंडनच्या लुईशमची मुलगी, वर्दळीच्या साऊथ सर्क्युलर रोडला लागूनच घर, दमा इतका की तीन वर्षांत पंचवीसहून जास्त वेळा हॉस्पिटल, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गेली, वय ९. मृत्यूच्या पहिल्या चौकशीत हवेचा विषयच नव्हता. आई रोझामंड हटली नाही, पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने (म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने) मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. हे कशामुळे शक्य झालं तर दम्याचे तज्ज्ञ प्रा. स्टीफन होलगेट यांनी तिच्या अ‍ॅडमिशनच्या तारखा आणि जवळच्या मॉनिटरवरचे प्रदूषणाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. म्हणजे तारखा लिहिलेल्या होत्या म्हणून.

पण मला टोचलं ते वेगळंच. पुढे एप्रिल २०२१ मध्ये त्याच कॉरोनरने अहवाल दिला त्यात एक ताशेरा आमच्यावर होता, की प्रदूषणाचे परिणाम डॉक्टर-नर्स पेशंटला नीट सांगतच नाहीत. एवढ्या अ‍ॅडमिशन्स होऊनही त्या माऊलीला कोणी बोललं नव्हतं. कळलं असतं तर घर बदललं असतं म्हणाली ती. त्यामुळे सोसायटीचं पत्र राहू दे बाजूला, तुमच्या पेशंटला तुम्ही स्वतः सांगितलंय का हे आधी बघा.

उंटावरचा_शहाणा

सांगून? लंडनमध्ये घर बदलता येत असेल. इथे माणूस वीस वर्षांचं कर्ज काढून वन-बीएचके घेतो, त्याला डॉक्टर सांगणार तुमची हवा वाईट आहे, तो काय करणार, श्वास घेणं बंद?

चांदा_ते_बांदा

शहाणेभाऊ, मी चंद्रपूरची, माझीही प्रॅक्टिस आहे, आणि तुमचा हा प्रश्न मलाही दहा वर्षं छळतोय. आमच्याकडे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी, आणि त्यात मे २०१९ मध्ये पारा ४८ ला टेकलेला. हिवाळ्यात धाप लागलेला म्हातारा येतो, उन्हाळ्यात तोच म्हातारा चक्कर येऊन येतो. लोक हवा वेगळी आणि हवामान बदल वेगळा समजतात, पण आमच्या इथून बघितलं तर धुराडं एकच आहे हो. राख आणि बारीक कण आज छातीत जातात आणि त्याच कोळशाचा कार्बन वर जाऊन पुढच्या उन्हाळ्यांची सोय करून ठेवतो.

घर बदलता येत नाही हे खरं, पण करता येण्यासारखं असतं. पहाटे गारठ्यात धुकं-धूर खाली बसलेला असतो तेव्हा फिरायला जाऊ नका, ऊन पडल्यावर जा, हे मी सांगते. पंपाची सवय लागते म्हणून आया तो मधेच बंद करतात, त्यांच्याशी भांडते. कॉइलचंही तुमचं बरोबर आहे, २००३ च्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते, तेव्हा मच्छरदाणी लावा म्हणते.

आणि खोकलेवाले डॉक्टर, मी एक वही ठेवते. नाव नाही. तारीख, वय, कुठल्या भागातून आला, घरघर होती का, नेब्युलाइज करावं (मशीनने औषधाची वाफ द्यावी) लागलं का, ताप होता का. दोन मिनिटंही लागत नाहीत. तापवाले वेगळे काढले की व्हायरलचा गोंधळ थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. निवेदन द्यायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी सुरुवातीला चहासुद्धा विचारला नाही, वही उघडल्यावर खुर्ची दिली, एवढा फरक पडतो.

कामोठेकर

पण नियम आहेत ना आपल्याकडे? प्लांटवाला म्हणतो सगळं नियमात आहे.

चांदा_ते_बांदा

पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण, त्यांची आपली वर्षाच्या सरासरीची मर्यादा २००९ पासून घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची १० वरून ५ वर आणली. म्हणजे नियम अगदी तंतोतंत पाळला तरी आठपट. हे वाक्य मात्र डॉक्टर बिनधास्त लिहू शकतात, याला कुठली उलटतपासणी?

गुंगीवाला_लंडन

एसयूव्हीचा टोमणा मान्य, आमच्यावर तर त्याहून मोठा आहे. डेस्फ्लुरेन म्हणून भुलीचा गॅस आम्ही वर्षानुवर्षं वापरला, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजारपट तापवतो, आणि पर्याय भुलीच्या मशीनवरच शेजारच्या व्हेपोरायझरमध्ये होता. स्कॉटलंडने २०२३ मध्ये बंद केला. ऑपरेशनं कुठेच थांबली नाहीत.

खोकलेवाला_डॉक्टर

सगळ्यांचे आभार, शहाणेभाऊ तुमचेही, उलटतपासणीच्या भीतीनेच मी पत्र परत मागवलं आणि काल रात्री बसून बदललं. ४० मुलांचं वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं की माझ्या दवाखान्यात घरघर घेऊन येणाऱ्या मुलांत वाढ दिसतेय, कारण एकच आहे असा माझा दावा नाही, पण सिमेंटची धूळ श्वासनलिकेला चिडवते आणि आधीच दमा असलेल्याला त्रास वाढवते हे वैद्यकशास्त्रात नवीन नाही. मग सरळ मागण्या, रस्ता ओला ठेवा, मिक्सरची चाकं धुऊनच बाहेर सोडा, शाळा सुटायच्या वेळी डंपर नको, आणि इथे मॉनिटर बसवा. तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण जाळीवर दिसते ती जाड धूळ, खोल जाणारे कण डोळ्याला दिसतच नाहीत. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. सेक्रेटरी वाचून म्हणाले, "एवढं मिळमिळीत?" म्हटलं याच्या प्रत्येक ओळीला मी उभा राहीन, तुमच्याला नाही राहणार. घेऊन गेले शेवटी.

बायकोने वाचलं, काही बोलली नाही, फक्त विचारलं कॅमेरा लावून घ्यायचा का दवाखान्याला. लावणार आहे.

आणि आज सकाळी एका सहा वर्षांच्या मुलाच्या आईला पहिल्यांदा सांगितलं की बाई, याच्या खोकल्यात तुमच्या खिडकीसमोरच्या रस्त्याचाही हात असू शकतो, ती बाजू बंद ठेवा, मागची उघडा. ती म्हणाली, "मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, फ्रिजचं पाणी वगैरे." दोन वर्षं ती माझ्याकडे येतेय.

चंद्रपूरच्या डॉक्टरबाई, वहीचे रकाने कसे आखलेत त्याचा फोटो टाकाल का, कोरं पान चालेल.