चोक काढला की ब्रश कटर बंद पडतो: किट टाकू की कार्ब्युरेटरच बदलू?

हिरवळ:
३० सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर, वॉल्ब्रो कंपनीचा डब्ल्यूटी जातीचा पडद्याचा कार्ब्युरेटर. टाकीत चार महिने पेट्रोल तसंच राहिलं होतं. आता चोक लावून तिसऱ्या दोरीला सुरू होतो, पण चोक काढला की दोन-तीन सेकंदांत बंद. अर्ध्या चोकवर चालत राहतो, मात्र रेस दिली की गुदमरतो. प्लग नवा, एअर फिल्टर स्वच्छ. दुरुस्तीचं किट (आतले बदलायचे सुटे भाग) आणि अख्खा कार्ब्युरेटर दोन्ही मिळतात. काय घ्यावं? आणि किट बसवताना नेमकं कुठे चुकतं?

गॅस्केट:
चोकवर चालतो आणि चोकशिवाय नाही, म्हणजे एकतर पेट्रोल कमी पोचतंय नाहीतर कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय. दोष कार्ब्युरेटरमध्येच असेल असं नाही. खोलण्याआधी हे बघा.

टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढा आणि त्याची नळी वाकवून तपासा. नळी टाकीत शिरते तिथल्या रबरी बुशापाशी बारीक चीर पडते, सरळ नळीत ती दिसत नाही. प्रायमर बल्ब दाबताना परतीच्या नळीतले बुडबुडे थांबतच नसतील तर हवा ओढली जातेय. टाकीचं झाकण सैल करून चालवा. फरक पडला तर व्हेंट (टाकीत हवा घेणारं भोक) तुंबलाय, कार्ब्युरेटरला हात लावू नका. शेवटी कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यातल्या इन्सुलेटरचे स्क्रू आवळा आणि इंजिन चालू असताना त्या सांध्यावर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा (सायलेन्सर तापलेला नसताना, कारण फवारा पेट घेतो). आवाज बदलला तर गळती तिथेच आहे.

सुईदाब:
वरचं सगळं ठीक निघालं तर किट घ्या. वॉल्ब्रोच्या किटचा क्रमांक 'के'ने सुरू झाला तर त्यात सुई, लिव्हर, स्प्रिंग, जाळी आणि वेल्च प्लग (बॉडीतली भोकं बंद करणाऱ्या धातूच्या चकत्या) येतात. 'डी'च्या किटात फक्त पडदे आणि गॅस्केट. झामा या दुसऱ्या कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये हाच फरक 'आरबी' आणि 'जीएनडी' असा असतो. चार महिने पेट्रोल साचलं होतं तर 'के'च घ्या, सुईच्या टोकाचं रबरही खराब झालेलं असतं.

जुना मीटरिंग पडदा (लिव्हर दाबून सुई उघडणारा) बोटाने दाबून बघा. नवा पडदा ओल्या कापडासारखा लवतो, वाळलेला पोस्टकार्डासारखा कडकड वाजतो. इथेच बहुतेक वेळा दुखणं सापडतं: कडक पडदा लिव्हर पुरेशी दाबत नाही, सुई अर्धवटच उघडते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

खोलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. डब्ल्यूटीत मीटरिंग बाजूला आधी गॅस्केट, मग पडदा. पंपाच्या बाजूला उलट, आधी पडदा, मग गॅस्केट. हा क्रम चुकला की नवं किट टाकूनही इंजिन पेट्रोल ओढत नाही. पंप बाजूच्या झाकणाखाली बारीक जाळी असते, ती विसरू नका.

धुताना सगळं रबर बाहेर काढा, कार्ब क्लीनरने पडदे फुगतात. भोकांत ड्रिल किंवा स्टीलची टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की ते कायमचं. विजेच्या वायरची तांब्याची एकच तार पुरते. मुख्य नोझलच्या आत चेक व्हॉल्व्ह असतो, तिथे कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर तो निसटतो.

कार्ब्युरेटर परत बसवताना गॅस्केटचं इम्पल्सचं (क्रँककेसचा दाब पोचवणारं) भोक सिलिंडरच्या भोकासमोरच यायला हवं. क्रँककेसच्या दाबावर पेट्रोल पंप चालतो. भोक झाकलं गेलं तर पंपच बंद.

हिरवळ:
उघडला. पडदा खरंच वाजतो, जाळीवर पिवळा चिकट थर. नवी लिव्हर किती उंच ठेवायची?

सुईदाब:
बॉडीच्या गॅस्केटच्या पातळीवर स्टीलची पट्टी आडवी धरा. डब्ल्यूटीत लिव्हरचं टोक पट्टीखाली साधारण १.६५ मिमी असावं. जास्त खाली गेली तर पेट्रोल कमी पडेल, वर आली तर इंजिन फ्लड होईल (जादा पेट्रोल भरेल). वाकवताना लिव्हर आधी पिनसकट बाहेर काढा, जागेवरच वाकवली तर सुई सीटवर (ती बसते त्या भोकावर) दाबली जाऊन तिचं टोक चेपतं. झामाचं माप वेगळं, हा आकडा तिथे लावू नका.

मग पेट्रोलच्या निपलला हातपंप आणि गेज लावा. ७ पीएसआयवर सुई दाब धरून ठेवायलाच हवी. काटा घसरला तर सीट पुन्हा पुसा.

गॅस्केट:
आता ट्यूनिंग, आणि इथे घाई नको. 'एच' (जास्त वेगाचं मिश्रण) आणि 'एल' (कमी वेगाचं मिश्रण) स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड-दीड फेरा उघडा. इंजिन तापू द्या, गवत कापायची दोरी पूर्ण लांबीची असू द्या. आधी 'एल' असा लावा की रेस देताच इंजिन न अडखळता उचलेल. मग आयडल स्क्रूने वेग इतका ठेवा की कापायचं मुंडकं फिरणार नाही. पूर्ण रेसला 'एच' उघडत न्या. आवाज फडफडू लागला की थोडासाच बंद करा, गवतात भार आल्यावर फडफड जाईल इतपत.

आवाज तीक्ष्ण आणि 'छान' लागतोय म्हणून 'एच' आणखी आवळू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि उष्णता जास्त. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडे पडतात आणि तो धरतो (जाम होतो). ५०:१ साठी लिटरला २० मिली, २५:१ साठी ४० मिली. माप बाटलीच्या झाकणाने नको.

फिरकी:
अख्खा कार्ब्युरेटर कधी घ्यायचा तेही सांगतो: थ्रॉटलचा शाफ्ट बॉडीत हलत असेल, आत पांढरा बुरशीसारखा गंज दिसत असेल किंवा स्क्रूचे आटे गेले असतील तर. बाकी वेळी किट. नवा घेताना नुसतं इंजिनाचं मॉडेल बघू नका, बॉडीवर ठोकलेला क्रमांक, आतल्या गळ्याचा व्यास, इम्पल्सच्या भोकाची जागा आणि चोकची दांडी कुठल्या बाजूला आहे हे जुळवा.

फोर-स्ट्रोक मोअरवाल्यांसाठी: इंजिन एका वेगाला न थांबता वर-खाली होत असेल तर गव्हर्नरची (वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणू नका. बहुधा पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबलेला असतो. मिश्रण पातळ पडून वेग उतरतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, वेग चढतो, पुन्हा उतरतो. मुख्य जेट आणि कार्ब्युरेटरची पेट्रोल साठणारी वाटी साफ करून बरेच जण थांबतात आणि पायलट तसाच राहतो. होंडा जीएक्स१६० असेल तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगाची) उंचीही तपासा, १३.७ मिमी.