मदत हवी आहे : टिपमन ९८ कस्टम मार्करचा वेग २३५ फूट प्रति सेकंदाच्या वर जात नाही

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो आणि गेली दोन वर्षे माझ्या मुलीबरोबर शनिवारी सकाळी पेंटबॉल खेळायला जातो. तिच्याकडे टिपमन ९८ कस्टम हा पूर्णपणे यांत्रिक मार्कर, म्हणजे बॉल मारणारी बंदूक, आहे. ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रंगाने भरलेले बॉल मारायचे, आणि ज्याच्या अंगावर बॉल फुटून रंग लागतो तो बाद होतो. ट्रिगर ओढला की सिअर, म्हणजे हॅमर अडकवून ठेवणारा खटका, सुटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर हॅमर पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून जो वायू बाहेर पडतो, त्याचा एक भाग बॉलला बॅरलमधून (नळीतून) पुढे ढकलतो आणि दुसरा भाग हॅमरला मागे रेटून पुन्हा सिअरवर नेऊन अडकवतो. यात बॅटरी नाही, सर्किट नाही. जे काही घडते ते स्प्रिंग, वायूचा दाब आणि घर्षण या तिघांच्या ताळमेळातून घडते.

ऑगस्टमध्ये, साधारण २९ अंश सेल्सिअस तापमान असताना, सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) टाकीवर आमचे क्रोनोग्राफचे, म्हणजे बॉलचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे २६८ ते २७६ फूट प्रति सेकंद असे येत होते. आमच्या मैदानाची मर्यादा २८० आहे, त्यामुळे त्याहून जास्त काही नको होते. सप्टेंबरअखेर मी मार्कर पूर्ण उघडून स्वच्छ केला, आतल्या भागांना वंगण लावले आणि परत जोडला. त्यानंतर ऑक्टोबरच्या पहिल्या खेळाला, सकाळी ७ अंश तापमान असताना, पहिला शॉट २१४ आला आणि लागोपाठ पाच शॉट मारल्यावर आकडा १७८ वर घसरला. एका सहखेळाडूने आपली उच्चदाब हवेची, म्हणजे एचपीएची, टाकी वापरायला दिली (४८ घन इंच, ३००० पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच, दाबाची). ती लावल्यावर आकडे स्थिर झाले, परंतु २२८ ते २३६ यांच्या पुढे गेले नाहीत. वेगाचा स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बाहेर घेतला, म्हणजे वायूला अधिक वाट दिली, तरी काहीही फरक पडला नाही.

बॉलची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, २७२ वरून २३५ वर येणे म्हणजे जवळपास चतुर्थांश ऊर्जा गमावणे होय. मैदानावर त्याचा परिणाम असा होतो की मुलीचे बॉल समोरच्याला लागतात पण फुटत नाहीत, आणि न फुटलेला बॉल नियमाप्रमाणे धरला जात नाही. ती मन लावून, नियम पाळून खेळते आणि नेम अचूक असूनही समोरचे खेळाडू बाद होत नाहीत, हे पाहणे मला फार जड जाते. शोध कोठून सुरू करावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. नवीन मार्कर घेण्याचा सल्ला तूर्त नको, कारण तिला हाच हवा आहे.

प्रतिसाद १

आपण आकडे तापमानासह आणि टाकीच्या प्रकारासह लिहिलेत, हे फार चांगले केलेत, कारण निम्मे निदान त्या आकड्यांतच दडलेले आहे. वेग कमी झाला की बहुतेक जण लगेच मार्कर उघडतात, परंतु माझ्या मते आधी शॉटचा क्रम वाचावा. पहिला शॉट ठीक येतो आणि लागोपाठ मारल्यावर आकडा घसरत जातो, तेव्हा वायूचा पुरवठा मागे पडत असतो. सगळे शॉट सारखेच पण कमी येतात, तेव्हा पुरवठा बरोबर असून दर वेळी व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसतो किंवा मुळातच दाब कमी असतो. आणि आकडे तीस-चाळीसने वरखाली उड्या मारतात, तेव्हा संशय बॉलच्या आकारावर, बॅरलवर किंवा खुद्द क्रोनोग्राफवर घ्यावा.

आपल्या बाबतीत ही दोन वेगळी दुखणी एकाच वेळी आली आहेत, असे मला वाटते. सीओटूवरची घसरण पहिल्या प्रकारची आहे आणि एचपीएवरचा स्थिर पण कमी आकडा दुसऱ्या प्रकारचा आहे.

पहिल्याचे कारण हवामान आहे. सीओटूच्या टाकीत द्रव असतो, आणि तो द्रव शिल्लक आहे तोपर्यंत टाकीतला दाब किती सीओटू उरला आहे यावर नव्हे, तर फक्त तापमानावर ठरतो. २१ अंशांना तो सुमारे ८५० पीएसआय असतो, १० अंशांना सुमारे ६५० आणि शून्य अंशांना जेमतेम ५००. त्यात भर म्हणजे प्रत्येक शॉटला थोडा द्रव उकळून वायू बनतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीतूनच खेचली जाते, त्यामुळे भराभर शॉट मारताना टाकी आणखी थंड होते आणि दाब आणखी पडतो. २१४ चे १७८ होण्यामागे हे कारण पुरेसे आहे. (याच कारणाने सीओटूच्या टाकीवर दाबाचा काटा लावून ‘किती उरले’ हे कळत नाही, त्यासाठी टाकी वजनकाट्यावर ठेवावी लागते.) थंडीत सीओटूचा नाद सोडावा, एवढाच त्यावर उपाय आहे.

दुसरे दुखणे मार्करच्या आत किंवा त्या उसन्या टाकीच्या रेग्युलेटरमध्ये (दाब कमी करून बाहेर सोडणाऱ्या भागात) आहे. एचपीएच्या टाक्यांचे रेग्युलेटर दोन जातींचे मिळतात : एक ८०० ते ८५० पीएसआय दाब बाहेर देणारा आणि दुसरा ४५० च्या आसपास देणारा. दुसरा कमी दाबावर चालणाऱ्या मार्करसाठी असतो आणि ९८ कस्टमला तो पुरत नाही. त्यामुळे मार्कर उघडण्यापूर्वी त्या सहखेळाडूला टाकीचा प्रकार विचारा. ती ८५० ची निघाली, तर लक्ष हॅमरवर केंद्रित करा. आपण स्वच्छतेनंतर कोणते वंगण लावलेत, हे लिहिलेले नाही. ते कळले तर बरे होईल.

प्रतिसाद २

एक सोपी परीक्षा मार्कर न उघडता करता येते. बॅरल काढून हातात घ्यावी आणि मागच्या टोकातून त्यात एक बॉल टाकावा. तो गडगडत थेट बाहेर पडला, तर बॉल बॅरलच्या मानाने लहान आहे आणि वायू त्याच्या कडेने निसटून वाया जातो. तो आत थांबला आणि तोंडाने फुंकल्यावर बाहेर आला, तर जोडी योग्य आहे. ०.६८ इंच हे नावापुरते माप आहे. प्रत्यक्षात जिलेटिनचे हे बॉल पेटीगणिक थोडे वेगळे असतात आणि दमट हवेत फुगतात.

प्रतिसाद ३

स्प्रिंगच्या मागे एक-दोन वॉशर घाला, म्हणजे स्प्रिंग अधिक दाबली जाईल आणि वेग लगेच वाढेल. आमच्याकडे अनेक जण हेच करतात.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

वॉशरच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. हॅमर अडखळत असेल, तर वॉशर ते अडखळणे झाकतो. ते दूर करत नाही. शिवाय स्प्रिंग जास्त ताठ झाली की हॅमरला मागे रेटायला वायू कमी पडतो, तो सिअरवर अडकत नाही आणि मार्कर आपोआप धडधडत राहतो. पुढे कधी घर्षण कमी झाले, तर तोच मार्कर मर्यादेच्या वर जाईल आणि ते मुलांच्या अंगावर येईल. मूळ दोष शोधल्याशिवाय वेग वाढवू नये.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी)

सर्वांचे मनापासून आभार. टाकीवरच्या चिकटपट्टीनुसार आणि मालकाच्या सांगण्यानुसार रेग्युलेटर ८५० चा आहे. बॅरलमध्ये मात्र आमचा नवा बॉल थेट गडगडत बाहेर पडला. ऑगस्टमधील पेटीतले शिल्लक राहिलेले दोन बॉल आत थांबले आणि फुंकल्यावर बाहेर आले. म्हणजे नवी पेटी बारीक निघाली.

वंगणाबद्दलचा प्रश्न अगदी वर्मावर बसला. मी घरातल्या गाडीच्या डब्यातले ग्रीस लावले होते. ऑगस्टमध्ये काहीही वंगण नसताना जो मार्कर नीट चालत होता, तो माझ्या हाताने बिघडला असावा, हे लक्षात आल्यावर मी तो शांतपणे उघडला. गॉगल लावले, बॅरलवर कव्हर चढवले, हॉपर (बॉलचा डबा) काढला, टाकी सोडवली आणि मोकळ्या दिशेने ट्रिगर ओढून उरलेला वायू संपवला. हे सर्व करूनच स्क्रूला हात लावावा, असे मुलीलाही दाखवले, कारण पुढे हे काम तीच करणार आहे.

आत दोन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे थंडीत घट्ट झालेले ते ग्रीस. हॅमर बोटाने सरकवताना मधात चमचा फिरवल्यासारखा जड जात होता आणि त्याच्यावरची ओ-रिंग (रबराची कडी) बोटाला फुगलेली व मऊ लागत होती. दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. ९८ कस्टमचे शरीर दोन अर्ध्या भागांचे असते, आणि ते जुळवताना हॅमरची लांब स्प्रिंग मार्गदर्शक दांडीवरून निसटून वाकू शकते. माझ्याकडून नेमके तेच झाले होते : मधले दोन वेटोळे एका बाजूला दबून वाकले होते आणि प्रत्येक शॉटला बाजूच्या भिंतीवर घासत होते. तिथे चकाकणारी रेघ उमटलेली होती.

ग्रीस पुसून काढले, ओ-रिंग नवी घातली, मूळ मापाची नवी स्प्रिंग मागवली आणि पेंटबॉलसाठीच्या तेलाचे तीनच थेंब दिले.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

छान शोध लावलात. जोडणी करताना स्प्रिंग दांडीवर सरळ बसवून, दांडीचे मागचे टोक जागेवर धरून मगच वरचा अर्धा भाग ठेवावा आणि स्क्रू आवळण्यापूर्वी हॅमर दोनदा पुढेमागे करून पाहावा. खरखर जाणवली, तर पुन्हा उघडणे सोपे असते. मैदानावर उघडणे नको. वेगाचा स्क्रू समायोजनासाठी कधीही पूर्ण बाहेर काढू नका. आणि क्रोनोवर नेहमी एकाच पेटीतले किमान सहा शॉट मोजा.

धागाकर्ता (पुढच्या शनिवारी)

आज सकाळी ९ अंश तापमानात, तीच एचपीए टाकी, नव्या पेटीतले बारीक बॉल : २५२, २५५, २५१, २५६, २५३, २५४. त्यानंतर त्याच मार्करमध्ये बॅरलमध्ये थांबणाऱ्या आकाराच्या पेटीतले बॉल घातले : २६८, २७१, २६९, २७२, २७०, २७१. बारीक बॉलमुळे जे सुमारे सतरा फूट प्रति सेकंद जात होते, ते आता स्वतंत्रपणे दिसले. उरलेले वीस ग्रीस आणि वाकलेल्या स्प्रिंगचे होते, असे मी धरतो.

स्क्रू आधीच बाहेरच्या बाजूला होता. हॅमर मोकळा झाल्यावर वेग पुढे कधीतरी मर्यादा ओलांडेल, या विचाराने मी स्क्रू थोडा आत घेतला आणि २६४ ते २६७ वर थांबलो. सामन्याच्या मधल्या वेळेत, दुपारी ऊन वर आल्यावर, मार्कर पुन्हा क्रोनोवर नेला. २६६ ते २६९ आले. सीओटूची टाकी उन्हाळ्यापर्यंत कपाटात राहील.

मुलीच्या पहिल्याच डावात तिचा बॉल एका खेळाडूच्या हॉपरवर फुटला आणि रंग लागला, असे पंचांनी मोठ्याने सांगितले. तिने मास्कमधून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या आडोशामागे धावली.