मदत हवी आहे: वॉटर्लूच्या देखाव्यातला चिखल आणि तुडवलेलं पीक

नमस्कार मंडळी,

वॉटर्लूच्या लढाईतला एक प्रसंग 1:72 प्रमाणात उभा करतोय. या मापात 60 सेंमीची फळी म्हणजे प्रत्यक्षातली जेमतेम 43 मीटर जागा, त्यामुळे अख्खं रणांगण मांडायचा प्रश्नच नव्हता. ला ए सेंत या शेतवाड्याचं पश्चिमेकडचं कोठाराचं दार आणि त्यापुढचा शेताचा तुकडा, एवढंच घेतलंय.

हेच दार का, तर 17 जून 1815 च्या रात्री धो धो पाऊस होता आणि वाड्यात उतरलेल्या शिपायांनी ते दार फोडून शेकोटीत घातलं. दुसऱ्या दिवशी फ्रेंच त्याच उघड्या जागेतून आत घुसू बघत होते. मेजर जॉर्ज बारिंगच्या हाताखालच्या किंग्ज जर्मन लीजनच्या (ब्रिटिश सैन्यातलं जर्मन दल) सुमारे 400 जणांनी ती दुपारभर लढवली. काडतुसं संपली आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वाडा पडला. मला तीच वेळ दाखवायचीय.

भिंती फोमच्या केल्यात, गिलावाही झालाय. मऊ प्लास्टिकचे शिपाई साबणाने धुऊन, प्रायमर मारून रंगवतोय. बारिंगच्या माणसांचा गडद हिरवा मनासारखा जमलाय. घोडं अडलंय ते जमिनीपाशी.

त्या भागात रायचं (rye, गव्हासारखं धान्य; मोहरी नव्हे) पीक पुरुषभर उंच होतं, म्हणजे इथे दोन-सव्वादोन सेंमी. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे लावून पाहिले, उभं पीक छान दिसतं. पण सहा वाजेपर्यंत दारासमोर उभं काय राहिलं असणार? काथ्या आडवा केला की पुन्हा ताठ होतो. चिखल ओला कसा दाखवायचा? आणि मी कोकणात राहतो, पावसाळ्यात काथ्याला बुरशी येईल ही मोठी धास्ती आहे. दिवाळीचा किल्ला चार दिवसांचा असतो, हे वर्षानुवर्षं टिकायला हवं.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

विषय फार आवडला. दारासमोर पीक उभं ठेवूच नका, फळीच्या एका कोपऱ्यात थोडं राहू द्या. बाकीचा काथ्या सुटा करून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि ओला असतानाच प्लास्टिकच्या कागदाखाली वजन ठेवून रात्रभर दाबा. लावताना सगळ्या काड्यांची टोकं दाराकडे हवीत, कारण माणसं तिकडेच धावत होती.

चिखलासाठी माती मैद्याच्या चाळणीने चाळून जुन्या तव्यावर भाजून घ्या, मग फेव्हिकॉल आणि तपकिरी ॲक्रिलिकमध्ये कालवा. चकचकीत वॉर्निश फक्त पावलांच्या खड्ड्यांत आणि चाकोऱ्यांत; सगळीकडे मारलंत तर जमीन प्लास्टिकची दिसेल.

बुरशीसाठी काथ्या आधी कडक उन्हात वाळवा, रंगवल्यावर मॅट वॉर्निशचे दोन हात द्या. फळीची खालची बाजूही रंगवा, दमट हवा तिथूनच शिरते. वर ॲक्रिलिकची पेटी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या.

दाराच्या बिजागऱ्या दाखवल्यात का? फोटो टाका.